जोडबंगल्याचा आरसा: एका खरेदीपूर्व तपासणीची हकीकत

"मामा, घर जवळजवळ ठरलंय. तुम्ही फक्त एकदा नजर टाका," असा भाच्याचा फोन आला. टोकन द्यायचं रविवारी आणि फोन गुरुवारी. इमारतींच्या सांगाड्यांचे हिशेब करण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे नात्यातले लोक मला डॉक्टरसारखे वापरतात, म्हणजे दुखायला लागल्यावर. निदान हा तरी आधी आला म्हणून टोकन थांबवायला सांगितलं. ती नजर टाकून व्हायला सहा आठवडे लागले.

घर पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका सहकारी गृहरचना संस्थेतलं. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर शहर नदीपासून लांब पसरत गेलं आणि पुढच्या दोन दशकांत अशा संस्था जागोजागी उभ्या राहिल्या. मास्तर, बँकेतले, टेलिफोनमधले लोक. एकट्याला प्लॉट परवडत नसे म्हणून दोघं मित्र एकच प्लॉट घ्यायचे आणि मधे एक सामाईक भिंत घालून जुळी घरं बांधायचे. हा जोडबंगला तसाच. नकाशा मंजूर १९७५ साली, भोगवटा पत्र १९७७ चं. खाली दिवाणखाना, जेवणाची खोली, स्वयंपाकघर. वर दोन खोल्या आणि गच्ची. विटांच्या नऊ इंची भिंती, त्यांच्यावर टेकलेला स्लॅब, खांब कुठेच नाहीत. आमच्या भाषेत लोड बेअरिंग. अशा घरात भिंत म्हणजे नुसता पडदा नसतो, तीच खांबाचं काम करते. हे एवढं डोक्यात ठेवलं तर पुढची अर्धी हकीकत आपोआप कळेल.

आणखी एक गोष्ट त्या सालाबद्दल. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं; ते अंशतः नियंत्रणमुक्त झालं १९८२ मध्ये. त्यामुळे सत्तरीतल्या अनेक घरांच्या दर्जांमध्ये, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत, सिमेंट हात राखून घातलेलं असतं. खिडकीच्या कोपऱ्यात गिलावा उडालेला असेल तिथे किल्लीने खरवडून बघावं. इथे वाळू सरसर हातावर आली.

पहिल्या भेटीत मात्र वाळू दिसण्यासारखं काही नव्हतं. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, छताला पीओपी आणि त्यात लपवलेले दिवे, नवीन खिडक्या, सगळीकडे ताजा रंग. विकणारे गृहस्थ पंचावन्नच्या घरातले, बोलायला मोकळे. म्हणाले, "सगळं रिनोव्हेट केलंय. तुम्ही फक्त सामान आणायचं." त्यांच्या वडिलांनी आणि त्यांनी मिळून चाळीस वर्षांत केलेली कामंही त्यांनी अभिमानाने सांगितली: मागे स्वयंपाकघर वाढवलं, खालच्या दोन खोल्यांमधली भिंत काढून मोठा हॉल केला, बाल्कनी बंद केली, गच्चीवर एक खोली चढवली. "परवानग्या?" असं विचारल्यावर त्यांनी मालमत्ता कराच्या पावत्यांची जाडजूड फाइल पुढे केली. "एकही वर्ष थकवलेलं नाही."

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडं थांबतो. कर आकारणारं खातं बांधकाम बघतं आणि कर लावतं. ते बांधकाम मंजूर आहे की नाही हा त्याचा प्रश्न नसतो. उलट महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ च्या मूळ तरतुदीप्रमाणे बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लागायची, कर धरून तिप्पट, आणि त्याच कलमात लिहिलंय की ही वसुली झाली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं समजू नये. फाइलमधल्या पावत्या मी उलट्या क्रमाने चाळल्या. २०१० पासून एका छोट्या क्षेत्रावर वेगळी आणि जड आकारणी होती. गच्चीवरची खोली. मालक ज्याला परवानगीचा पुरावा समजत होते तो खरं तर परवानगी नसल्याचा पुरावा होता.

मंजूर नकाशा त्यांच्याकडे नव्हता. बहुतेकांकडे नसतो, वडिलांच्या ट्रंकेत होता आणि ट्रंक भंगारात गेली. महापालिकेच्या बांधकाम विभागातून मालकाने अर्ज करून प्रमाणित प्रत काढायची, हा सरळ रस्ता. विकणारा टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज कोणालाही करता येतो, उत्तराची मुदत तीस दिवस. पण विकणारा टाळाटाळ करतोय हेच मुळात उत्तर असतं. आमच्या गृहस्थांनी अर्ज केला, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. प्रत आली. निळसर अमोनिया प्रिंटची झेरॉक्स, घडीच्या जागी आकडे गेलेले, तरी वाचता येण्यासारखी.

नकाशातून दोन गोष्टी लगेच कळल्या. मागच्या बाजूला दहा फूट सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची जागा, मोकळं दाखवलेलं होतं आणि वाढवलेलं स्वयंपाकघर त्यातले आठ फूट खाऊन बसलं होतं. दुसरी गोष्ट सुखद. बाल्कनी, जिच्यावर माझा सगळ्यात आधी संशय होता, तिच्यासाठी १९९३ चा सुधारित नकाशा फाइलला जोडलेला होता, चलनासकट. वडिलांनी ते काम रीतसर केलं होतं आणि मुलाला त्याचा पत्ताच नव्हता. जुन्या घरात असंही होतं. म्हणून अंदाजाने शिक्के मारू नयेत.

पण नकाशा फक्त काय मंजूर झालं ते सांगतो. १९७७ साली गवंड्याने प्रत्यक्ष काय बांधलं आणि नंतर त्याचं काय झालं, ते नव्या फरशीखाली आणि पीओपीवर गाडलेलं असतं. स्वतंत्र बंगला असता तर तोडफोड केल्याशिवाय कळलं नसतं. जोडबंगल्याला मात्र एक सोय असते जी बहुतेक घेणारे वापरत नाहीत: त्याच दिवशी, त्याच गवंड्याने, त्याच नकाशाची उलटी बाजू धरून बांधलेलं दुसरं घर भिंतीपलीकडे उभं असतं. आरसाच तो. आणि इथे तर आरशाला चाळीस वर्षांत कोणी हात लावलेला नव्हता.

पलीकडे चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी एकट्या राहतात. मुलगा बंगळुरूला. मी आणि भाचेसून एका संध्याकाळी टेप, टॉर्च आणि नकाशा घेऊन गेलो. आजींनी आधी आमचं गाव, आडनाव आणि भाचेसुनेचं माहेर विचारून घेतलं, मग घर दाखवलं. आवळ्याचं सरबत घेऊन मी मागच्या अंगणात गेलो. तिथे तुळशीच्या शेजारी सिमेंटची दोन झाकणं होती.

"ही कसली, आजी?"

"जुनी टाकी ती. आता गटार आलं ना रस्त्यात. पण अहो, ती कधी बुजवली नाही कोणी."

सेप्टिक टाकी. मंजूर नकाशात तुटक रेषेने दाखवलेली, पण झेरॉक्समध्ये पुसट झालेली. सामाईक भिंतीपासून झाकणांपर्यंतचं अंतर मी मोजलं: साडेसात फूट. अलीकडे येऊन तेवढंच अंतर उलट्या बाजूला मोजलं, तर टेप थेट मॉड्युलर किचनच्या ओट्यासमोर थांबला. पोळ्या लाटायला उभं राहायची जागा. लाकडी हातोडीच्या मुठीने फरशी ठोकत गेलो. सगळीकडे ठक्क ठक्क, आणि तिथे, साधारण चार फूट बाय सहा फुटांच्या पट्ट्यात, बद्द बद्द. विकणाऱ्या गृहस्थांचा चेहरा बघून कळलं की त्यांना खरंच माहीत नव्हतं. १९८८ मध्ये वडिलांनी स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा ते कॉलेजात होते.

नंतर एक फरशी काढून बघितलं. टाकीवर शहाबादी लाद्या, त्यांच्यावर राडारोडा, त्यावर कोबा आणि त्यावर चौतीस वर्षांच्या अंतराने दोनदा घातलेली फरशी. लाद्यांच्या एका सांध्यातून टॉर्च मारला तर खाली पाणी चमकलं. (अशी बंद टाकी उघडताना तोंड खाली घालू नये, आत साठलेला वायू जीव घेतो. दारं-खिडक्या उघडून तासन् तास हवा खेळू द्यावी आणि आत उतरायचं काम तर कोणाही माणसाला सांगू नये.)

दुसरी गोष्ट आजींच्या जिन्यात कळली. त्यांच्या गच्चीच्या दारातून बाहेर पडताना सात इंच खाली पाय टाकावा लागतो. अलीकडच्या घरात त्याच दारातून जेमतेम दोन इंच. उंबरे एकाच पातळीवर, मी पाणनळीने तपासले. म्हणजे अलीकडची गच्ची पाच इंच वर आली होती. गळती लागली की जुन्या ब्रिकबॅट, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या, कोब्यावर नवा थर, पुन्हा गळती की पुन्हा थर. ठेकेदाराला सोपं पडतं, जुनं खरवडायची मजुरी वाचते. पाच इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन. वापरात असलेल्या गच्चीवर माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण दीडशे किलो धरायचं असं आपलं भारतीय मानक सांगतं. म्हणजे गच्चीवर कायमची जत्रा भरलेली होती, आणि वर ती खोली.

तिसरी गोष्ट मुख्य. आजींच्या घरात दिवाणखाना आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये नऊ इंची भिंत आहे. ती सामाईक भिंतीपासून जिन्याच्या भिंतीपर्यंत अकरा फूट जाते. बरोबर तिच्या वर पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांमधली तशीच भिंत. अलीकडच्या घरात खालची भिंत गायब, वरची जागेवर. मग वरची कशावर उभी आहे? "गर्डर टाकलाय ना," गृहस्थ म्हणाले, "१९९६ ला. चांगला जाड." नकाशा नाही, हिशेब नाही, इंजिनिअरचं पत्र नाही, गवंड्याने सांगितलं आणि केलं.

घरातल्या घरात केलेल्या कामाला परवानगी लागत नाही असं सगळे म्हणतात आणि ते निम्मं खरं आहे. नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये इमारतीच्या फक्त आतल्या भागापुरत्या देखभाल, सुधारणा आणि फेरफाराच्या कामांना सूट आहे. फरशी बदला, रंग द्या, ओटा हलवा, गिलावा करा, कोणी विचारणार नाही. पण भार वाहणारी भिंत काढणं हे नुसतं आतलं काम राहत नाही. लोक सूट तेवढी वाचतात आणि हातोडा उचलतात.

मी पीओपी उघडायची परवानगी मागितली. हात हात दोन खिडक्या, गर्डरच्या दोन्ही टोकांना. गृहस्थ पहिल्यांदाच नाराज झाले. "एवढा खर्च केलाय हो छतावर." भाच्याने बुजवण्याचा खर्च कबूल केला तेव्हा तयार झाले. माझं मत विचाराल तर ज्या घरात छताला एक खिडकी पाडू देत नाहीत ते घर घेऊ नये. दोन हजारांच्या पीओपीसाठी जो अडून बसतो त्याला वर काय आहे ते माहीत असतं.

गर्डर निघाला दोनशे मिलिमीटर उंचीचा. गंजलेला नव्हता. हिशेब घातला: वरच्या भिंतीचंच वजन साडेचार टन, स्लॅबांचा वाटा मिळवून आठ टनांच्या जवळ. अकरा फुटांवर तेवढं तो पेलतो, थोडा हात राखूनसुद्धा. गवंड्याचा अंदाज चुकला नव्हता. चुकलं होतं टेकण. जिन्याच्या बाजूला टोकाखाली काँक्रीटचा ठोकळा होता, व्यवस्थित. सामाईक भिंतीच्या बाजूला भिंतीत जेमतेम चार इंच खोल खोबण करून टोक तसंच विटांवर ठेवलेलं. चार इंच बाय चार इंच जागेवर सुमारे चार टन, आणि खाली ती परमिटच्या सिमेंटची दरज.

मी पुन्हा आजींकडे गेलो. त्यांच्या जेवणाच्या खोलीत, अगदी त्याच उंचीवर, बाराखडीच्या तक्त्यामागे एक तिरपी भेग होती. "दर दोन वर्षांनी लांबी, ती पुट्टी हो, भरून घेते," आजी म्हणाल्या. "रंगारी म्हणतो ओल आहे." तक्ता नातवासाठी लावला होता, नातू आता नोकरीला लागला, तक्ता भेग झाकायला राहिला. मी भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी सिमेंटने चिकटवली आणि पेन्सिलने तारीख टाकली. भेग हलत असेल तर काच तडकते, एवढं साधं. सतराव्या दिवशी आजींचा फोन आला: "तुमची काच गेली हो."

इथे भाचा घाबरला आणि व्यवहार सोडतो म्हणाला. मी म्हटलं थांब, दोष सापडलेलं घर हे न सापडलेल्या दोषांच्या घरापेक्षा बरं. स्लॅबची तपासणी राहिली होती ती करू.

वरच्या न्हाणीघराच्या खालून आणि हॉलच्या मधून असे दोन ठिकाणी छोटे तुकडे काढून ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन हे रसायन फवारलं. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. जिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्यातला अल्कधर्म खाल्ला तिथे रंगच येत नाही आणि त्या भागातल्या सळ्या गंजायला मोकळ्या. हॉलमध्ये बारा मिलिमीटरनंतर झकास गुलाबी, सळई त्याच्या आत. न्हाणीघराखाली तीस मिलिमीटरपर्यंत कोरडा राखाडी, आणि सळईवर तांबूस पापुद्रे. म्हणजे न्हाणीघराखालची स्लॅबदुरुस्ती अटळ, बाकी ठीक.

आणखी एक प्रश्न भाच्याने विचारला तो चांगला होता: "पुढे कधी पाडून नवीन बांधायचं झालं तर?" गच्चीवर दोन घरांच्या मधे सांधा नाही, नुसता कठडा आहे. म्हणजे स्लॅब सामाईक भिंतीवरून सलग गेलाय, एका घराच्या सळ्या दुसऱ्या घरात. आपली बाजू तोडली तर आजींचा स्लॅब, जो आजवर दुसऱ्या बाजूच्या आधाराने ताठ होता, एकटा पडतो; हिशेबाने त्याच्या मधल्या भागावरचा ताण जवळजवळ पाऊणपट वाढतो. त्यामुळे हे घर कधीही एकट्याने पाडता येणार नाही, पाडलं तर दोघांनी मिळून. हे माहीत असून घ्यायचं तर घ्या, असं मी दोघांना बसवून सांगितलं. पुनर्बांधणीच्या आशेने वाढीव भाव देणाऱ्यांनी हे आधी बघावं.

कागदांचं थोडक्यात सांगतो, ते वकिलाने केलं. वडिलांच्या पश्चात संस्थेने शेअर सर्टिफिकेटवर नामनिर्देशनाप्रमाणे मुलाचं नाव चढवलं होतं, पण नामनिर्देशित म्हणजे मालक नव्हे. न्यू जर्सीतल्या बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, मिळकत पत्रिकेवर फेरफार, मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल, वृत्तपत्रात जाहीर नोटीस, संस्थेचं ना हरकत पत्र. पाच आठवडे त्यातच गेले. बँकेच्या मूल्यांकनकाराने मंजूर नकाशापुरतंच क्षेत्र धरलं. गच्चीवरची खोली आणि मागचं स्वयंपाकघर यांची किंमत त्याच्या कागदावर शून्य. विकणाऱ्याला माझ्यापेक्षा हा शून्य जास्त पटला.

तेव्हा बोलणी सुरू झाली. मागणी तीन कोटी दहा लाख होती. मी भाच्याला एवढंच म्हटलं की प्रत्येक दोषाचे पैसे कापत बसू नकोस, तीन ढीग कर. पहिला, खरेदीखताआधी विकणाऱ्याने करून द्यायचं: गच्चीवरची खोली उतरवणं आणि कर खात्यात तशी नोंद करून घेणं, वास्तुविशारदामार्फत अर्ज करून गर्डरचं काम. दुसरा, किमतीतून वजा: कोब्याचे थर, न्हाणीघराचा स्लॅब, टाकी. तिसरा, जे सुधारता येत नाही ते: मागचं स्वयंपाकघर. ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीची काही बांधकामं दंड भरून नियमित करण्याची तरतूद २०१७ मध्ये आली होती, पण तेव्हा यांनी अर्ज केला नव्हता, आणि सामासिक अंतरात आठ फूट घुसलेलं बांधकाम त्यात बसलं असतं याची मला तरी आशा नव्हती. ते फुकट मिळालं असं समजायचं आणि उद्या पाडायला लागलं तर स्वयंपाक बंद पडणार नाही अशी घराची मांडणी करायची. खरेदीखतात क्षेत्र मंजूर नकाशाप्रमाणेच लिहिलं आणि वाढीव भागाचा उल्लेख वेगळा, स्पष्ट शब्दांत. सौदा दोन कोटी ऐंशी लाखांना ठरला. वाढवलेल्या खोल्यांचं एवढं कौतुक करणाऱ्या गृहस्थांनी शेवटी गच्चीवरची खोली स्वतः उभं राहून पाडून घेतली, आणि ब्रेकर न लावता छिन्नी-हातोड्याने, हे मी घातलेल्या अटीप्रमाणे.

गर्डरच्या कामाला चार दिवस लागले. वरच्या-खालच्या दोन्ही स्लॅबना धिरे, म्हणजे टेकू, लावले, सामाईक भिंतीपासून दोन फूट अलीकडे खड्डा घेतला (त्याहून जवळ घेता येत नाही, जुन्या पायाच्या पायऱ्या आडव्या येतात), स्वतंत्र पाया, त्यावर स्टीलचा खांब, आणि जॅकने गर्डर केसभर उचलून भार खांबावर घेतला. हॉलच्या कोपऱ्यात आता एक खांब आहे. भाचेसुनेने त्याला पुस्तकांच्या फळ्या लावल्यात.

टाकी रिकामी करून भरून घेतली. ओटा पुन्हा मूळ नकाशातल्या जागी, घराच्या आत आला; मागच्या खोलीत धुण्याचं यंत्र आणि सायकली.

गर्डरचं काम संपलं त्याच संध्याकाळी मी आजींकडे नवी काच लावली. यंदाचा पाऊस होऊन गेला, परवा जाऊन बघितली. शाबूत आहे. आजी म्हणाल्या, मग आता तो तक्ता काढू का? मी म्हटलं, अजून एक उन्हाळा जाऊ द्या.